पेशीतील पोथीची पाने

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजारात उन्हाळ कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा तेथे मालाची पारख चार गोष्टींवरून होते : रंग, आकार, वरच्या पातीचा वाळवा आणि हाताला लागणारा टणकपणा. मग भाव पुकारला जातो, काटा होतो आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. परंतु त्या प्रत्येक कांद्याच्या प्रत्येक पेशीत आणखी एक वजन दडलेले असते. ते कोणत्याही बाजारसमितीच्या काट्यावर उतरत नाही, कारण ते एका ग्रॅमच्या लक्ष कोटी भागांतील काही थोडे भाग एवढेच असते. तरीही हे वजन अत्यंत विलक्षण आहे. बापाकडून मुलाकडे आणि बीजाकडून रोपाकडे जाणारा वारसा ज्या द्रव्यात साठवलेला असतो, त्या डीएनएचे ते वजन होय. आणि कांद्याच्या एका पेशीत हे द्रव्य माणसाच्या एका पेशीतील द्रव्याच्या सुमारे पाचपट असते.

हे विधान प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. माणूस चालतो, बोलतो, गणित मांडतो, अभंग रचतो. कांदा जमिनीत स्वस्थ बसून राहतो. मग माणसाच्या पोथीपेक्षा कांद्याची पोथी पाचपट जाड का असावी? सजीवांच्या वारशाचे माप घेण्याच्या शास्त्राला चालना मिळाली ती अशाच कोड्यांतून. हे माप कसे घेतात, ते घेताना फसगत कोठे होते, आणि एका वनस्पतीचे माप दुसरीशी कोणत्या नियमाने ताडून पाहावे, हे समजून घेणे म्हणूनच उद्बोधक आहे. शिवाय त्याचा संबंध केवळ विद्वानांच्या कुतूहलाशी नाही. तो शेतकऱ्याच्या बियाण्याशी आणि सह्याद्रीच्या पठारांवरील फुलांशीही आहे.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते. त्या केंद्रकात गुणसूत्रे असतात, आणि गुणसूत्रांत डीएनएचा अतिशय लांब, दुपेडी धागा गुंडाळलेला असतो. या धाग्यावर चार प्रकारची रासायनिक अक्षरे ओळीने बसलेली असून एका पेडावरील प्रत्येक अक्षराची दुसऱ्या पेडावरील ठराविक अक्षराशी जोडी जमलेली असते. सामान्य पेशीत या पोथीच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून आलेली व एक पित्याकडून आलेली. परागकणातील वा बीजांडातील जननपेशीत मात्र एकच प्रत असते. या एका प्रतीतील समग्र मजकुराला जनुकसंच किंवा जीनोम असे म्हणतात. त्याचे माप दोन प्रकारे सांगतात : वजनात सांगायचे तर पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लक्ष कोट्यंशात, आणि लांबीत सांगायचे तर अक्षरजोड्यांच्या संख्येत. एक पिकोग्रॅम म्हणजे ९७ कोटी ८० लक्ष अक्षरजोड्या, हे या दोन मापांमधील कोष्टक होय.

या कोष्टकाने हिशेब केला तर कांद्याची एक प्रत सुमारे १६.७५ पिकोग्रॅम, म्हणजे १६०० कोटींहून अधिक अक्षरजोड्यांची ठरते. माणसाची प्रत सुमारे ३१० कोटींची आहे. माणसाच्या एका पेशीतील सगळे धागे उलगडून टोकास टोक जोडले तर ते सुमारे दोन मीटर भरतील; कांद्याच्या एका पेशीतील धागे सुमारे अकरा मीटर भरतील. आणि हा पसारा ज्या केंद्रकात बसवलेला असतो, ते साध्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

महाराष्ट्राच्या शेतातील इतर पिकांची मापे शेजारी मांडली म्हणजे हे कोडे अधिकच गहिरे होते. भाताचा जनुकसंच सुमारे ३९ कोटी अक्षरजोड्यांचा, ज्वारीचा सुमारे ७३ कोटींचा, हरभऱ्याचा सुमारे ७४ कोटींचा, तुरीचा सुमारे ८३ कोटींचा, बाजरीचा सुमारे १७९ कोटींचा, मक्याचा सुमारे २३० कोटींचा आणि पोळीच्या गव्हाचा सुमारे १६०० ते १७०० कोटींचा आहे. भात आणि गहू ही दोन्ही तृणधान्ये. दोघांचेही दाणे शिजवून माणूस पोट भरतो. परंतु गव्हाची पोथी भाताच्या चाळीसपटींहून मोठी आहे.

गुणसूत्रांची संख्या मोजली म्हणजे पोथीचा आकार कळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. ज्वारी आणि मका या दोहोंच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात, तरी मक्याचा जनुकसंच ज्वारीच्या तिपटीहून मोठा आहे. बाजरीच्या पेशीत अवघी १४ गुणसूत्रे असतात, म्हणजे ज्वारीपेक्षा सहा कमी. तरी तिची पोथी ज्वारीच्या दुपटीहून मोठी आहे. कपाटात किती ग्रंथ आहेत हे मोजल्याने एकूण पाने किती हे कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. पाने मोजायची तर वेगळी रीत हवी.

ही रीत शोधण्यास सुरुवात झाली त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉयल्गेन यांनी १९२४ साली अशी एक रंगक्रिया प्रसिद्ध केली की तिने पेशीतील डीएनएच तेवढे किरमिजी रंगाने रंगते. १९४८ साली फ्रान्समध्ये बॉयव्हाँ आणि व्हाँद्रेली दांपत्य यांनी गुरांच्या निरनिराळ्या अवयवांतील पेशी तपासून असे दाखवले की अवयव कोणताही असो, केंद्रकातील डीएनएचे प्रमाण ठराविक असते, आणि शुक्रपेशीत ते बरोबर निम्मे असते. पुढे १९५० साली ह्यूसन स्विफ्ट यांनी एका प्रतीतील डीएनएच्या या प्रमाणाला ‘सी’ हे अक्षर चिन्ह म्हणून वापरले. ‘सी-मूल्य’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. डीएनएचा दुपेडी घाट वॉटसन आणि क्रिक यांनी उलगडला तो १९५३ साली. म्हणजे पोथीची बांधणी कळण्याआधीच तिचे वजन करण्यास आरंभ झाला होता.

फॉयल्गेनच्या रीतीने माप घेताना कांद्याच्या किंवा इतर रोपाच्या कोवळ्या मुळाचे टोक घेतात, कारण तेथे पेशींचे विभाजन सतत चाललेले असते. ते टोक रंगवून काचेवर चेपतात आणि सूक्ष्मदर्शकातून एकेका केंद्रकावर प्रकाश टाकून किती प्रकाश रंगात शोषला गेला हे मोजतात. जितका डीएनए अधिक तितका रंग गडद, आणि जितका रंग गडद तितका प्रकाश कमी पार होतो. परंतु या मोजणीतून निघणारा आकडा निव्वळ गडदपणाचा असतो, वजनाचा नसतो. म्हणून ज्या वनस्पतीचे वजन आधीच खात्रीने ठाऊक आहे अशा एका वनस्पतीच्या पेशी त्याच वेळी, त्याच रंगात रंगवाव्या लागतात आणि तिच्याशी तुलना करावी लागते. सोनार जसा ठाऊक वजनाची गुंज पारड्यात टाकून सोने तोलतो, तसाच हा व्यवहार आहे. गुंज खोटी असली तर सोन्याचे वजनही खोटे ठरणार, हे उघडच आहे.

आजच्या प्रयोगशाळांत या कामासाठी मुख्यतः प्रवाह-पेशीमापन यंत्र वापरले जाते. वनस्पतींच्या पानांसाठी ही रीत सोपी करणारा निबंध १९८३ साली अमेरिकेत गालब्रेथ आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केला. तिची कृती ऐकली तर एखाद्या गृहिणीला ती ओळखीची वाटेल. ताज्या पानाचा नखाएवढा तुकडा योग्य द्रावणात भिजवून धारदार पात्याने बारीक चिरतात, गाळून घेतात आणि त्या गाळात असा रंग मिसळतात की तो डीएनएला चिकटून प्रकाशाखाली चमकतो. मग हा द्राव अत्यंत बारीक धारेने यंत्रातून सोडतात. एकामागून एक केंद्रक किरणासमोरून जाते, चमकते, आणि यंत्र त्या चमकेची नोंद करते. काही मिनिटांत हजारो केंद्रके मोजून होतात.

समजा, प्रमाण म्हणून मटारचा एक ठराविक वाण घेतला. त्याच्या सामान्य पेशीतील दोन्ही प्रतींचे मिळून वजन ९.०९ पिकोग्रॅम मानले जाते. त्याच्याबरोबर एका अज्ञात रानफुलाचे पान चिरले. यंत्राने मटारच्या केंद्रकांची चमक २०० या आकड्यावर आणि रानफुलाच्या केंद्रकांची चमक ५० वर दाखवली. म्हणजे रानफुलाच्या पेशीत मटारच्या चौथाई डीएनए आहे, तो २.२७ पिकोग्रॅम झाला. हे माप दोन प्रतींचे असल्याने एका प्रतीचे सुमारे १.१४ पिकोग्रॅम, आणि कोष्टकाप्रमाणे सुमारे १११ कोटी अक्षरजोड्या. सारा हिशेब त्रैराशिकाचा आहे. अवघड भाग आहे तो स्वच्छ केंद्रके मिळवण्याचा आणि योग्य प्रमाण निवडण्याचा.

दुसरी एक रीत अगदी निराळ्या तत्त्वावर चालते, आणि तिच्याशी पुण्याचा निकटचा संबंध आहे. डीएनएचे द्रावण तापवले की धाग्याचे दोन पेड सुटे होतात. निवू दिले की सुटे पेड आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. ब्रिटन आणि कोन यांनी १९६८ साली दाखवून दिले की हे जुळणे किती लवकर होते यावरून पोथीत किती निरनिराळा मजकूर आहे हे ताडता येते. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखभर माणसे जमली आहेत, अशी कल्पना करावी. ही सगळी माणसे दहाच गावांची असतील तर प्रत्येकाला आपला गाववाला क्षणात भेटेल. दहा हजार गावांची असतील तर शोधता शोधता दिवस मावळेल. गर्दी तेवढीच, पण गावे जितकी अधिक तितकी भेट उशिरा. डीएनएचेही असेच आहे. ज्या ओळी पोथीत हजारो वेळा पुनरुक्त झाल्या आहेत त्यांचे पेड चटकन जुळतात. ज्या ओळी एकदाच आल्या आहेत त्यांना वेळ लागतो. अशा रीतीने जुळणीचा वेग मोजून पुनरुक्त मजकूर किती आणि एकेरी मजकूर किती, हे दोन्ही कळते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात या रीतीने भात, तृणधान्यांतील बारीक धान्ये, कडधान्ये आणि काकडी-भोपळ्याच्या कुळातील वेली यांच्या जनुकसंचांची रचना अभ्यासली. त्यापूर्वी कॅनडात असताना रांजेकर यांनी राय, सातू आणि गहू यांच्या पुनरुक्त डीएनएवर काम केले होते. कांद्याच्या प्रजातीतील सात वनस्पतींच्या डीएनएची तुलना करणारा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. ज्या काळात एकेक अक्षर वाचण्याची साधने महाग आणि मंद होती, त्या काळात पोथी न उघडता तिची घडण ओळखण्याचे हे काम होते. महाराष्ट्रात वनस्पतींच्या रेणुजीवशास्त्राचा पाया घालण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

तिसरी रीत अलीकडची. आता डीएनएचे कोट्यवधी लहान तुकडे यंत्राने वाचता येतात. समजा, एका पोथीच्या पुष्कळ प्रती फाडून त्यांच्या चिंध्यांचा ढीग केला, आणि मूळ प्रती किती हे कोणाला ठाऊक नाही. तरी ढिगातील कोणतीही छोटी ओळ सरासरी किती वेळा आढळते हे मोजता येते. ती ३० वेळा आढळली तर प्रती सुमारे ३० असल्या पाहिजेत. ढिगात एकूण ३००० कोटी अक्षरे असतील तर एका प्रतीत १०० कोटी अक्षरे झाली. जी ओळ ६० वा ९० वेळा आढळेल ती पोथीत दोनदा वा तीनदा आलेली असणार. तराजू नाही, रंग नाही. केवळ मोजदाद आणि भागाकार.

एवढ्या रीती हाताशी असल्यावर चूक कशाला होईल, असे कोणी विचारील. परंतु या शास्त्राचा इतिहास चुका आणि त्यांची दुरुस्ती यांनीच घडला आहे. वनस्पतीशास्त्रज्ञांची लाडकी असलेली ॲरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातील चिमुकली वनस्पती घ्यावी. २००० साली तिचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्याचे माप सुमारे १२ कोटी ५० लक्ष अक्षरजोड्या असे सांगण्यात आले. गुणसूत्रांच्या मध्यभागातील अतिपुनरुक्त मजकूर तेव्हा वाचताच आला नव्हता. त्याची जागा अंदाजाने धरलेली होती. २००३ साली मायकेल बेनेट आणि त्यांचे सहकारी यांनी, ज्याचा जनुकसंच पूर्ण वाचून झाला होता अशा एका सूक्ष्म कृमीला प्रमाण मानून, प्रवाहमापनाने तेच माप १५ कोटी ७० लक्ष असे काढले. पुढे गुणसूत्रांचे मध्यभागही वाचता आले, तेव्हा वाचलेला मजकूर १३ कोटींच्या वर गेला. वाचणाऱ्याचा आकडा आणि तोलणाऱ्याचा आकडा एकमेकांच्या जवळ येऊ लागले. पण पहिला आकडा अपुरा होता हे उघड झाले ते तोलणाऱ्यामुळे.

दुसरी फसगत रंगाची. कित्येक वनस्पतींच्या पेशींत टॅनिन असते, हिरड्या-बाभळीच्या सालीत कातडे कमावण्यासाठी असते तेच. पेशी फोडली की हे द्रव्य केंद्रकाला लेपते आणि रंग नीट चढू देत नाही; मग डीएनए असूनही कमी भासतो. ऑस्ट्रियाचे योहान ग्राइलहूबर यांनी १९८८ साली या दोषाकडे लक्ष वेधले. एकाच जातीच्या वाणावाणांत डीएनएचे प्रमाण बदलते, असे अनेक दावे त्यापूर्वी व नंतरही होत असत. सोयाबीनच्या वाणांविषयी असा दावा झाला होता. १९९७ साली ग्राइलहूबर आणि ओबरमायर यांनी काटेकोर मापन केले तेव्हा तो फरक आढळला नाही. जे वैचित्र्य वनस्पतीचे वाटले होते, त्याचे मूळ मोजण्याच्या रीतीत होते. आजही चांगला संशोधक आपला आकडा सांगताना प्रमाण म्हणून कोणती वनस्पती घेतली, रंग कोणता वापरला, पाने किती रोपांची आणि मापन किती वेळा केले, हे सांगतो. हा तपशील नसलेला आकडा पुराव्याविना केलेल्या नोंदीसारखा असतो.

तुलनेलाही नियम आहे. पोळीचा गहू आणि कांदा यांची पोथी जवळजवळ सारखीच जाड दिसते, पण ते साम्य फसवे आहे. पोळीचा गहू हा तीन रानटी गवतांच्या वारशांच्या संकरातून झालेला आहे. त्याच्या एका प्रतीत खरे म्हणजे तीन पोथ्या एकत्र बांधलेल्या असतात. खपली गव्हात अशा दोन पोथ्या असतात. तेव्हा गव्हाच्या मूळ पोथीचे माप काढायचे तर १७ पिकोग्रॅमला तीनाने भागले पाहिजे. ते सहाच्या आत येते. कांद्यात मात्र एकच पोथी आहे आणि ती एकटीच १६.७५ पिकोग्रॅमची आहे. म्हणून शास्त्रज्ञ जननपेशीतील एकूण माप आणि मूळ संचाचे माप ही दोन वेगळी धरतात. एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नाची तुलना एकट्या माणसाच्या उत्पन्नाशी करण्यासारखी चूक त्यामुळे टळते.

एकच पोथी इतकी फुगते कशाने? तिच्यात स्वतःच्या नकला करून ठिकठिकाणी शिरणारे मजकुराचे तुकडे असतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील रंगांच्या ठिपक्यांवरून असे जागा बदलणारे घटक ओळखले. त्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे ८५ टक्के भाग अशा घटकांनी व्यापलेला आहे, असे २००९ साली तो वाचून झाल्यावर दिसले. विदर्भ-मराठवाड्याच्या देशी कपाशीचा जनुकसंच सुमारे १७० कोटींचा आहे, तर तिच्या दक्षिण अमेरिकेतील एका नातलग जातीचा सुमारे ८८ कोटींचा. गुणसूत्रे दोघींची २६ च. फरक मुख्यतः या नकलांचा. तेव्हा जाड पोथी म्हणजे अधिक ज्ञान नव्हे. जनुकांची संख्या पोथीच्या जाडीच्या प्रमाणात वाढत नाही. वाढतो तो पुनरुक्तीचा भाग. माणसापेक्षा कांद्याची पोथी मोठी का, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

परंतु ही पुनरुक्ती फुकट बाळगता येत नाही. पेशी दुभंगण्यापूर्वी सारी पोथी नकलून घ्यावी लागते. बेनेट यांनी १९७२ साली दाखवले की ज्या वनस्पतींच्या पेशीत डीएनए फार असतो त्यांना बीजापासून बीजापर्यंतचा फेरा झपाट्याने पुरा करता येत नाही. अल्पायुषी तणांत मोठे जनुकसंच आढळत नाहीत. डीएनए घडवायला नत्र आणि स्फुरद लागतात. जर्मनीतील एका गवताळ रानावर दीर्घकाळ खते देऊन केलेल्या प्रयोगात, स्फुरद मिळालेल्या तुकड्यांत मोठ्या जनुकसंचाच्या वनस्पतींचा वरचष्मा झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. निकस जमिनीत हे ओझे पेलणे कठीण जाते. रशियाचे अलेक्झांडर विनोग्रादोव यांनी २००३ साली असेही दाखवले की अस्तंगत होण्याचा धोका असलेल्या वनस्पतींत मोठे जनुकसंच अधिक प्रमाणात आढळतात.

कांद्याच्या शेतकऱ्यालाही हे ओझे अप्रत्यक्षपणे वाहावे लागते. भाताचा जनुकसंच २००५ साली वाचून झाला, तुरीचा २०११ साली, हरभऱ्याचा २०१३ साली. कांद्याचा मसुदा मात्र २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील थोडाच भाग आठ गुणसूत्रांच्या जोड्यांवर क्रमाने बसवता आला. सारखीच पुनरुक्त पाने हजारोंनी असली म्हणजे कोणते पान कोठले, हे ठरवणे दुर्घट होते. त्यात कांद्याला एका हंगामात कांदा आणि दुसऱ्या हंगामात बी असा फेरा घ्यावा लागतो. चाळीत अधिक दिवस टिकणारा किंवा करप्याला दाद न देणारा वाण रोपावस्थेतच ओळखायचा, तर त्या गुणाची खूण पोथीच्या कोणत्या पानावर आहे हे ठाऊक असावे लागते. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयात ‘भीमा’ मालिकेतील वाण तयार करणाऱ्यांपुढे असलेले काम किती चिकाटीचे आहे, याची कल्पना यावरून येईल. पोथीचे माप आधी ठाऊक असणे ही या कामाची पहिली पायरी होय. किती तुकडे वाचावे लागतील आणि किती खर्च येईल, याचा अंदाज त्यावरच बांधला जातो.

मोजपट्टीचे दुसरे टोक पाहायचे तर साताऱ्याजवळ कासच्या पठारावर जावे. श्रावण-भाद्रपदात तेथे सीतेची आसवे फुलतात. ही निळसर जांभळी नाजूक फुले कीटकभक्षी वनस्पतीची आहेत. जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत ती बारीक जीव पकडते, कारण पठाराची ओली, उथळ माती तिला पुरेसे नत्र व स्फुरद देत नाही. तिच्याच प्रजातीतील, पाण्यात वाढणाऱ्या एका जातीचा जनुकसंच २०१३ साली अवघा ८ कोटी २० लक्ष अक्षरजोड्यांचा सांगितला गेला. २०१७ साली लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्राने तो सुमारे १० कोटींचा ठरला. याच कुळातील, ब्राझीलमधील एका वनस्पतीचा जनुकसंच सुमारे ६ कोटी १० लक्षांचा असून सपुष्प वनस्पतींतील आजवरचे ते सर्वांत लहान माप आहे. सर्वांत मोठे माप जपानच्या डोंगरात संथपणे वाढणाऱ्या पॅरिस जॅपोनिका या वनस्पतीचे. २०१० साली लंडनच्या क्यू उद्यानातील संशोधकांनी ते १५२.२३ पिकोग्रॅम, म्हणजे सुमारे १४,९०० कोटी अक्षरजोड्या असे काढले. फुलणाऱ्या वनस्पतींतच लहान आणि मोठ्या मापांत सुमारे २४०० पटींचे अंतर आहे.

क्यू उद्यानाने जगभरची ही मापे एकत्र नोंदवून ठेवली आहेत. २०१९ सालच्या आवृत्तीत सुमारे १०,८०० सपुष्प जातींच्या नोंदी होत्या. पृथ्वीवर अशा जाती सुमारे साडेतीन लक्ष आहेत. म्हणजे शंभरांतील तीनच मोजल्या गेल्या. उरलेल्या सत्त्याण्णवांत सह्याद्रीच्या कड्यांवरची आणि सड्यांवरची कितीतरी फुले आहेत, आणि त्यांतील काही अशी की जगात दुसरीकडे कोठेही उगवत नाहीत. या मापनाला नखाएवढे पान पुरते, पण ते जिवंत रोपाचे ताजे पान असावे लागते. कागदावर चिकटवून ठेवलेला जुना वाळका नमुना क्वचितच उपयोगी पडतो. सडा खणला गेला आणि त्यावरचे फूल नाहीसे झाले, तर त्याची पोथी किती पानांची होती, हा प्रश्न विचारण्याची संधीही त्याच्याबरोबर जाते. लासलगावच्या काट्यावर न उतरणारे हे वजन ज्यांना तोलायचे आहे, त्यांनी पावसाळ्यात पठारावर जाऊन एकेक पान खुडून आणले पाहिजे. आणि ते पान खुडण्यासाठी रोप तेथे उभे असेल, याची काळजी इतरांनी घेतली पाहिजे.